पूर्ववेशीवरची चौथी पेटी

"बाबा, तुम्ही इथून जाल ना, तेव्हा तुमचे बूट कुणी काढून घेईल का हो?"

आपिंगने हे भर जेवणात विचारलं. तोंडात माशाचा घास, हातात भाताचा वाडगा, आणि डोळ्यांत अशी चमक, की जगातला सगळ्यात हुशार प्रश्न जणू तिनंच शोधून काढलाय. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. दुपारी मठाच्या मागच्या ओसरीवर अक्षरं गिरवताना मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. रुईनियांग म्हणाली होती, "विचारून दाखव. नाही विचारलंस तर महिनाभर माझी शाई तू उगाळायची." शेजारी बसलेली दोउर हळूच म्हणाली होती, "नको गं, वाईट वाटेल त्यांना." पण आपिंगला अलीकडे असं झालं होतं, की कुणी 'करून दाखव' म्हटलं की तिच्या अंगात वारंच शिरायचं. आणि गुरुमाईंनी सगळ्या मुलींसमोर "तुझं अक्षर घोड्यासारखं दौडतं" म्हटल्यापासून तर विचारायलाच नको.

लिन्सी परगण्यात बुटांची गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. मामलेदाराची बदली झाली आणि तो लोकांच्या मनातून उतरलेला असला, तर लोक त्याला मुकाट्याने वेशीबाहेर जाऊ देतात आणि आपापल्या कामाला लागतात. पण तो लाडका असला तर वेशीत त्याचा घोडा अडवतात. लगाम धरून रडतात, 'जाऊ नका' म्हणतात, आणि शेवटी त्याच्या पायांतले बूट ओढून काढतात. आता बिनबुटाचा माणूस जाईल कुठे? तो जातोच म्हणा, नोकरी दरबारची. बूट मात्र लाकडी पेटीत घालून वेशीच्या कमानीवर टांगतात. पूर्ववेशीवर अशा तीन पेट्या होत्या. त्यातली सर्वांत जुनी तर इतकी जुनी, की तिच्यात चिमण्यांनी संसार थाटला होता.

तिचे बाबा, लिन्सीचे मामलेदार यान साहेब, यांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या वाडग्यावर थांबल्या. मग ते हसले.

"माझे बूट? अगं, त्यांचा वास घेतलास का कधी? चोरसुद्धा शिवायचा नाही."

आपिंग खदखदून हसली. पैज जिंकली होती! आई मात्र हसली नाही. आणि बाबा पुन्हा जेवायला लागले तेव्हा आपिंगला दिसलं, की त्यांचे कान लालबुंद झालेत. चेहरा हसतोय आणि कान लाल. तिने मान खाली घातली आणि माशाचे काटे निवडत बसली. नसलेले काटेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पेटाऱ्यात कपडे भरत होती. यान साहेबांची चार वर्षं भरली होती. एका जागी त्याहून जास्त राहायचं नाही हा दरबारचा नियम. स्वतःच्या मुलुखात नोकरी करायची नाही हाही नियम, आणि जिथे अंमल चालवतो तिथल्या घरांशी सोयरीक करायची नाही हासुद्धा. राजधानी छांगआनला बसलेल्या मंडळींना एकच धास्ती, अधिकाऱ्याने कुठे मूळ धरू नये. त्यामुळे आपिंगच्या आयुष्यातल्या सगळ्या मैत्रिणी चार-चार वर्षांपुरत्या होत्या.

"तुला काही कळतं का गं?" आई एका अंगरख्याची घडी इतकी दाबत होती की जणू त्याचाच अपराध होता. "पुराच्या साली हा माणूस बांधावर कमरेएवढ्या चिखलात उभा होता. आणि तू सगळ्या नोकरांसमोर त्याला बूट विचारतेस."

"अगं, मैत्रिणींनी पैज..."

"त्यांचं काय जातंय? त्या इथेच राहणार आहेत."

मग आईने जे सांगितलं ते आपिंगला अर्धवट माहीत होतं, पण असं कुणी समोर बसून सांगितलं नव्हतं. दर साली राजधानीतून प्रत्येक अधिकाऱ्याला शेरा मिळतो. वरचा, मधला, खालचा. आणि त्या प्रत्येकात पुन्हा वरचा, मधला, खालचा. बाबांना लिन्सीत आल्यापासून सदा एकच शेरा. मधल्यातला मधला. (रुईनियांग तिला चिडवायचीच, "आली मधल्या-मधल्याची लेक!") आता राजधानीतून श्वे नावाचे तपासनीस यायचे होते. बाबांकडून शिक्का ताब्यात घेणार, त्यांना वेशीबाहेर पोचवणार, आणि शेवटचा शेरा लिहून घोडेस्वाराबरोबर धाडणार.

"याही वेळी मधलाच पडला, तर पुन्हा डोंगरापलीकडे पाठवतील," आई म्हणाली.

पुन्हा. त्या शब्दावर आईचा हात पेटाऱ्याच्या तळाशी गेला आणि तिथेच राहिला. तळाशी काय आहे ते आपिंगला ठाऊक होतं. एक छोटंसं कापूस भरलेलं जाकीट. डोंगरापलीकडच्या दक्षिणेत हवाच अशी, की सकाळी धुकं अंगाला चिकटतं आणि संध्याकाळी माणूस तापाने फणफणतो. आपिंगचा धाकटा भाऊ तिथेच, एका लाल मातीच्या टेकाडावर, मागे राहिला होता.

आपिंगला आपल्या प्रश्नाची इतकी लाज वाटली की बसवेना. पण ती पडली आपिंग. लाज वाटली की गप्प बसायचं, हे तिला जमत नसे. लगेच काहीतरी करून टाकावंसं वाटे. आणि तिला सुचलंसुद्धा. बूट! श्वे साहेबांच्या डोळ्यांदेखत लोकांनी बाबांचे बूट ओढून काढले, तर शेरा मधला कसा राहील?

ती तडक कचेरीत गेली.

कचेरीत शिरस्तेदार लू बसले होते. रुईनियांगचे वडील. मामलेदार दर चार वर्षांनी बदलत, शिरस्तेदाराला मात्र दरबारचा कुठलाच नियम लागू नव्हता. लूंचे आजोबा याच खोलीत, याच खिडकीशी बसत. त्यांच्या डोक्यावर भिंतीला बाबांच्या अक्षरातला फलक होता: 'रेशीममहिन्यात कचेरीचे कोणतेही बोलावणे कोणाही घरी जाणार नाही.' आपिंग त्याच्या खाली उभी राहिली आणि तिने तो वाचला नाही. रोज पाहिलेली गोष्ट कोण वाचतं?

"लूकाका, एक गंमत आहे. कुणाला सांगणार नाही ना?"

"बोला ताईसाहेब."

"बाबा निघतील तेव्हा लोक बूट घेतील का हो त्यांचे? म्हणजे लोकांच्या मनात असेलच, बांध कुणी बांधला मग? पण कुणी आठवण केली नाही तर राहून जाईल. तुम्ही नुसती आठवण करून द्याल का? चार लोकांना?"

शिरस्तेदारांनी कुंचला बाजूला ठेवला, दोन्ही हात बाह्यांत घातले आणि वाकून म्हणाले, "ताईसाहेबांची इच्छा कळली."

"इच्छा नाही हो काका! नुसतं म्हणतेय मी."

"कळलं, ताईसाहेब. आणि साहेबांना...?"

"छे छे, बाबांना पत्ता लागता कामा नये. त्यांनी एकदम चकित व्हायला हवं."

"अगदी," लू म्हणाले. "ते चकितच होतील."

आपिंग उड्या मारत घरी आली. एवढं सोपं होतं!

श्वे साहेबांची होडी ठरल्या सकाळी पोचली नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि नदी फुगली होती. सामान भरून तयार, बैल जुंपून तयार, आणि सगळे वाट बघत बसलेले. दुपारी रुईनियांग मागच्या दाराने धापा टाकत आली.

"आपिंग, वेशीत चल एकदा! माणसं बघ किती! पहाटेपासून उभी आहेत."

"पहाटेपासून?" आपिंगने तिचे दोन्ही हात धरले. "बाबांसाठी?"

"मग काय माझ्यासाठी?" रुईनियांग हसली, पण नेहमीसारखं नाही. "माझ्या बाबांनी सांगितलंय, तपासनीस केव्हाही येतील, जागा सोडायची नाही. बघायला येतेस ना?"

"नको, मी आधी पाहिलं तर मजा जाईल," आपिंग म्हणाली.

ती गेली नाही. गेली असती तर तिला त्या गर्दीत दोउरही उभी दिसली असती. आनंदाच्या भरात तिने दोउरची चौकशीही केली नाही. पैजेनंतर दोउर मठात यायची बंद झाली होती, ती घरच्या रेशीमअळ्यांमुळेच. कात टाकतानाच्या चौथ्या झोपेतून उठल्या की अळ्यांना जी भूक लागते तिला लिन्सीत 'मोठी भूक' म्हणतात. रात्रंदिवस त्या खातात, घरात पाऊस पडल्यासारखा आवाज येत राहतो, आणि माणसं आळीपाळीने झोपतात. त्या दिवसांत प्रत्येक दाराला तांबडी चिंधी बांधलेली असते. परक्याने आत यायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. कर मागायलासुद्धा कुणी जात नाही, कारण कर ज्या रेशमाने भरायचा ते रेशीम त्याच वेळी पाना-पानाने तयार होत असतं.

होडी आली दुसऱ्या दिवशी, सूर्य चांगला वर आल्यावर. श्वे साहेब बारीक, खोकणारे, आणि डोळ्यांवर झोप असलेले गृहस्थ होते. शिक्का दिला-घेतला गेला आणि मंडळी निघाली. पुढे घोड्यावर बाबा आणि श्वे साहेब, मागे बैलगाडीत आई आणि आपिंग. आपिंगने गाडीचा पडदा बाजूला सारला तो सारलाच.

वेशीत माणूसच माणूस होतं. बायका, म्हातारे, होडीवाले. कुणी बाबांच्या घोड्याचा लगाम धरला, कुणी चाकांपुढे आडवं पडलं. "साहेब, जाऊ नका!" "आम्हांला पोरकं करू नका!" रडण्याचा असा गलका झाला की बैल बिचकले.  आपिंगने आईकडे पाहिलं तर आईने तोंडावर बाही धरली होती, आणि बाहीमागे ती रडत होती. खरं रडत होती.

श्वे साहेबांनी लगाम आवरला आणि झोपाळलेले डोळे जरा उघडले.

एक म्हातारा पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने बाबांचा रिकिबीतून आधीच बाहेर आलेला डावा बूट धरला. आपिंगला वाटलं, आता ओढाताण होणार. गोष्टीत नेहमी ओढाताण होते, बूट निघता निघत नाही. पण बूट सुळकन निघाला. म्हातारा मागच्या मागे पडता पडता वाचला. उजवाही तसाच.

आणि तेव्हा आपिंगला दिसलं. ते बाबांचे हिवाळी बूट होते. आत लोकरीचे जाड मोजे घालायचे म्हणून दोन बोटं मोठे शिवून घेतलेले. वसंत सरत आला होता, घामाने माणसं भिजली होती, आणि बाबांनी हिवाळी बूट घातले होते. बुटांतून बाहेर आले ते कोरे करकरीत पांढरे मोजे. एक डाग नाही. घरात मोजे रफू करायचं काम आपिंगचंच होतं. हा जोड तिने कधी पाहिलाच नव्हता.

बाबा दोन्ही हात जोडून म्हणत होते, "अरे, हे काय करता? मी कोण?" आणि त्यांचे कान लाल होते.

 आपिंगने झटकन नजर दुसरीकडे वळवली आणि ती नेमकी दोउरच्या आईवर जाऊन पडली. तिची बोटं तुतीच्या पानांनी हिरवी झाली होती आणि ती ओक्साबोक्शी रडत होती. आसपासचे लोक शिरस्तेदारांच्या माणसाकडे बघत रडत होते. ती मात्र कुणाकडेच बघत नव्हती. तिच्या शेजारी दोउर. आपिंगने हात हलवला. दोउरने पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

वेशीपासून हाकेच्या अंतरावर सरकारी घोड्यांचं ठाणं होतं. निरोपाचं जेवण तिथेच व्हायचं होतं आणि मुक्कामही. श्वे साहेबांनी बाबांच्या पांढऱ्या मोज्यांकडे बघत म्हटलं होतं, "यान महाशय, असं दृश्य मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही. आज निवांत बसून लिहितो. पहाटे स्वार निघेल." आई ठाण्याच्या अंगणात नोकरांना सूचना देत होती आणि चक्क गुणगुणत होती. तिच्या गुणगुणण्याचा आवाज आपिंग विसरूनच गेली होती. तो ऐकत तिथे थांबणं तिला जमेना. ती मागल्या बाजूने निसटली.

दोउरच्या घराच्या दाराला तांबडी चिंधी नव्हती.

आत आवाजही नव्हता. त्या घरात पानं खाण्याचा, पावसासारखा तो आवाज नसणं किती भयंकर असतं, हे आपिंगला उंबऱ्यावरच कळलं. बांबूच्या सुपांवर अळ्या लोळागोळा होऊन पडल्या होत्या. काही काळ्या पडल्या होत्या. दोउर एकेक सूप उचलून बाहेरच्या खड्ड्याशी नेऊन ठेवत होती.

"दोउर..."

"चप्पल काढायची गरज नाही," दोउर म्हणाली. "आता कशाला?"

"काय झालं गं?"

"भुकेने गेल्या. दुसरं काय होणार?" दोउरने सूप आपटलं नाही, नीट ठेवलं. "तुला माहीत होतं ना, माझे बाबा सरकारी धान्याच्या होड्यांवर गेलेत? शिरस्तेदारांचे शिपाई म्हणाले, घरटी दोन मोठी माणसं वेशीत पाहिजेत. आमच्याकडे दोनच आहेत, मी आणि आई. मी मोठी नाही म्हटलं, तर म्हणाले, लग्नाच्या वयाची आहेस. पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर सोडलं. तेव्हा दवात भिजलेली पानं आणली, पुसायला वेळ कुठला? ओली पानं खाल्ली की त्यांना हगवण लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे परत उभं केलं."

"पण मी... मी हुकूम नव्हता केला, दोउर! देवाशप्पथ! मी नुसतं म्हटलं होतं. चार लोकांना आठवण करा म्हटलं होतं."

"मामलेदारांची मुलगी कचेरीत जाऊन म्हणते," दोउर म्हणाली. "मग हुकूम आणखी कसा असतो? मला दाखव तरी."

आपिंग पुढचं सूप उचलायला वाकली. 

तेवढ्यात आतून दोउरची आई आली. आपिंगला बघताच ती चपापली, हात अंगरख्याला पुसले, पुसूनही ते हिरवेच राहिले, आणि ती कमरेत वाकली. चार वर्षं ती आपिंगला 'ए टवळे, चिखलाचे पाय घेऊन आत येऊ नकोस' म्हणत आली होती.

"ताईसाहेब," ती म्हणाली, "आमचं काही चुकलं का? रडणं कमी पडलं का? मी खरंच रडत होते हो. शिरस्तेदारांना सांगा, आमची गल्ली मनापासून रडली."

"काकू, नका ना असं..." आपिंग पुटपुटली. तिला वाटलं, आपण इथून नाहीसं व्हावं, कुणालाही न दिसता. बाईने तिला बसायला आसन दिलं. नेहमीसारखा मीठ घालून चहा दिला. आपिंगने तो प्यायला, कारण नाही म्हटलं असतं तर बाई पुन्हा घाबरली असती. त्या घरातला चहा कधी इतका खारट लागला नव्हता.

"रेशमाचा कर?" तिने कसंबसं विचारलं.

"अळ्या मेल्या असं मामलेदारांनी लिहिलं तर माफ होतो," दोउर म्हणाली. "पण मामलेदार तर गेले. नवे येतील तेव्हा सुपं धुऊन वाळलेली असतील, दाखवणार काय? आणि शिरस्तेदार लिहिणार आहेत का, की रेशीममहिन्यात बोलावणं केलं म्हणून मेल्या?"

परत येताना वेशीत शिडी लावली होती. लूकाका खाली उभं राहून, चौथी पेटी कमानीवर ठोकून घेत होते. "डावीकडे. अजून जरा डावीकडे." पेटी नवी होती, देवदाराची; तिच्या लाकडाचा वास येत होता. म्हणजे बूट निघायच्या कितीतरी आधी ती तयार होती.

"लूकाका," आपिंगने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

शिरस्तेदारांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर वाईटपणा नव्हता, आणि त्यामुळेच तिला जास्त वाईट वाटलं.

"ताईसाहेब, कचेरीत घडणारी गोष्ट साहेबांना न सांगता कशी करता येईल? मी त्याच दुपारी सांगितलं.  साहेबांनी एकच विचारलं."

"काय?"

"कोणत्या पायातला बूट आधी काढतात, ते."

दिवेलागणीला आपिंग ठाण्यावर पोचली. ओसरीवर बाबा आणि आई चहा घेत बसले होते. पलीकडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत श्वे साहेब शाई उगाळत असल्याचा घासल्यासारखा आवाज येत होता. पैज हरली असती तर महिनाभर शाईच उगाळायची होती ना, आपिंगच्या मनात आलं. हरले असते तर किती बरं झालं असतं.

"कुठे उंडारत होतीस?" आई म्हणाली, पण रागावून नाही. आज तिला रागावताच येत नव्हतं. "बस, तिळाच्या पोळ्या आहेत गरम. तुझ्या बाबांनी सगळ्या संपवायच्या आत खा."

आपिंग बसली नाही.

"बाबा, डावा आधी काढतात," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही डावा पाय रिकिबीतून आधीच काढून ठेवला होतात."

यान साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या पायांत नवे बूट होते, घट्ट, उन्हाळी. आईने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. तिला खरंच काही माहीत नव्हतं, हे आपिंगला तिच्या तोंडावरून कळलं.

"मला वाटलं," यान साहेब हळूच म्हणाले, "लूंनी शंभर आणले असतील, तर त्यात दहा तरी आपणहून आले असतील. घोड्यावरून मी तेच बघत होतो. कोण आपणहून आलंय ते. पण ओळखता येत नाही गं. सगळे सारखेच रडतात."

आपिंगला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर सोपं होतं. बांधावर चिखलात उभा असलेला माणूस हाच होता, आणि कोरे मोजे घालून आलेलाही हाच. आणि मोज्यांची ही सगळी गोष्ट तिच्या एका प्रश्नाने सुरू झाली होती. माशाचा घास तोंडात असताना.

"दोउरच्या घरच्या अळ्या मेल्या," तिने सांगितलं. "त्यांच्या सगळ्या गल्लीच्या मेल्या असतील. दोन दिवस वेशीत उभं केलं त्यांना. मोठ्या भुकेत, बाबा. तुमच्याच फलकाखाली उभं राहून मी ते सांगून आले. काकू मला विचारत होत्या, रडणं कमी पडलं का म्हणून."

यान साहेबांनी डोळे मिटले.

"माझ्याकडे शिक्का नाही आता," ते म्हणाले. "मी लिहिलं तरी त्याला किंमत नाही."

"श्वे साहेबांकडे आहे."

"आपिंग!" आई उठून उभी राहिली. तिने हलक्या आवाजात, दारावर नजर ठेवून म्हटलं, "वेडी आहेस का? पहाटे स्वार निघतोय. एक रात्र गप्प बस. तुला ठाऊक आहे ते आपल्याला कुठे पाठवतील. तुला ठाऊक आहे तिथे काय आहे."

आपिंगला ठाऊक होतं. लाल मातीचं टेकाड तिला अजून स्वप्नात दिसायचं. आज नेहमीसारखं अंगात वारं वगैरे काही शिरलं नव्हतं. कुणी पैज लावली नव्हती. आत शाई उगाळायचा आवाज थांबला; म्हणजे आता लिहायला सुरुवात.

"आई, तिथे पाठवलं तर तुझं सामान मी उचलेन. तुझ्याआधी मी त्या टेकाडावर जाईन, आणि रोज जाईन," ती म्हणाली. "बाबा, बांधाचं मी त्यांना सांगेन, ते खरंच आहे. पण बुटांचंही सांगणार. बोलावणं माझ्या तोंडून गेलं, अळ्या त्यामुळे मेल्या, तेव्हा त्या घरांना कर माफ आहे असं श्वे साहेबांनी त्यांच्या हाताने लिहायला हवं. सुपं धुवायच्या आत त्यांनी उद्या जाऊन बघायला हवीत. मी आत्ता त्या खोलीत जाणार आहे. तुम्हांला माझ्याबरोबर यायचं असेल तर या. नसेल यायचं, तर मी एकटी जाते."